घंटा कुणाची, खांदा कुणाचा

शहर बघणं म्हणजे नक्की काय बघणं, हे आता एकदा तोंडावर बोलून टाकू. कारण आपली पोरंही आता शहरं बघायला लागलीत. चांगलंच आहे. माझ्या आज्याला तालुक्याला जायचं म्हटलं तर पाटलाला विचारावं लागायचं, आणि आज आपल्यातलाच एक जण विमानात बसून स्पेनला जाऊन येतो. कोर्दोबा नावाचं जुनं शहर बघून आला. होस्टेलात आमच्यासंगं शिळ्या भाकरी खाल्लेला गडी. आता पुण्यात कंपनीत आहे, बरा पगार आहे, बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये मोठा लावलाय. पोरगा वाईट नाही. पण आल्या आल्या मला म्हणाला, "दादा, काय शहर हो! रोमन लोकांचा पूल, पुलाच्या टोकाला मुसलमानांची मशीद, मशिदीच्या पोटात ख्रिश्चनांचं चर्च. सगळं एकावर एक. आपल्याकडं नगरला असलं काय हाये?"

काय हाये! बापाचा दाखला नगर जिल्ह्याचा, जन्म नगरचा, आणि हा विचारतो नगरला काय हाये!

त्याचा राग नाही. त्याला शिकवणाऱ्यांचा राग आहे. राजाचं नाव, बांधल्याचं साल, मिनाराची उंची, आणि मग फोटो, एवढंच शहर बघणं म्हणून ज्यांनी शिकवलं त्यांचा. तो कोर्दोब्याला गेला आणि त्यांच्याच डोळ्यांनी बघून आला. म्हणून त्याला जे गाईडनं सांगितलं नव्हतं ते मी सांगितलं, आणि तेच तुम्हालाही सांगतो.

कोर्दोबा रोमन लोकांच्या एका प्रांताची राजधानी होती. ७११ नंतर उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अरब-बर्बर फौजांच्या हाती गेली. तिथली मोठी मशीद पहिल्या अब्द अल्-रहमाननं ७८५ च्या सुमारास बांधायला घेतली. आतले कितीतरी खांब जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून उचलून आणलेले. नवा राजा जुन्या राजाचे खांब वापरतो, त्यात नवल नाही. नवल पुढं आहे. ९९७ साली तिथला सर्वेसर्वा वजीर अल्-मन्सूर उत्तरेला सांतियागोवर चालून गेला. गाव लुटलं, चर्चच्या घंटा खाली काढल्या आणि ख्रिश्चन कैद्यांच्या खांद्यांवर लादून शेकडो मैल कोर्दोब्याला आणल्या. मग १२३६ साली फर्डिनंड तिसरा यानं कोर्दोबा जिंकलं. त्याला त्या घंटा दिसल्या. धर्माचा अपमान झाला होता, त्याचा बदला घ्यायचा होता. कसा घेतला? त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवर लादल्या आणि परत सांतियागोला धाडल्या.

२३९ वर्षं मधे गेली. दोन धर्म, दोन राज्यं. दोन्ही बाजूंच्या इतिहासात हा प्रसंग मोठ्या दिमाखात येतो. घंटा कुणी नेल्या, कुणी परत आणल्या, सगळं लिहून ठेवलंय. वाटेत किती जणांचे खांदे सोलले, किती मेले, त्यांची नावं काय, ते शोधून दाखवा.

आमच्याकडं याला वेठ म्हणतात. माझा आजा येसकर होता. घुंगराची काठी घेऊन रात्री वेशीत उभा राहायचा. साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचा. तिथून पुढं पुढच्या गावचा महार. साहेब पूर्वी कुणाचा होता, मोगलांचा की पेशव्यांचा की गोऱ्यांचा, त्यानं ओझ्यात फरक पडला असेल असं मला वाटत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्याचं बिल आणलं ते याच ओझ्यासाठी. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. तोवर बाबासाहेबही गेले होते.

आता नगरकडं या.

१४९० साली मलिक अहमदनं भिंगारच्या जवळ बहामनी फौजेला हरवलं आणि तिथंच पुढं आपलं शहर उठवलं. त्याच्या नावावरून अहमदनगर. ही निजामशाहीची राजधानी. दगडी भुईकोट किल्ला हुसेन निजामशहानं १५५९ ते १५६२ या काळात बांधून काढला. १५९५-९६ ला चांदबिबीनं तो मोगलांविरुद्ध लढवला, १६०० साली तिच्याच लोकांनी तिला मारली आणि किल्ला अकबराकडं गेला. मग मोगल, निजाम, पेशवे, शिंदे. ऑगस्ट १८०३ मधे आर्थर वेलस्लीनं तो शिंद्यांकडून घेतला, आणि इंग्रज आले. १९४२ ते ४५ या काळात त्याच किल्ल्यात इंग्रजांनी काँग्रेसचे पुढारी कोंडले. नेहरूंनी तिथं बसून भारताचा शोध लावला. त्या पुस्तकात जातीवरही पानं आहेत, नाहीत असं नाही. पण भारताचा शोध किल्ल्याच्या आतून लागतो आणि किल्ल्याचा खंदक कुणी खणला याचा शोध अजून कुणी लावत नाही, हेही नोंदवून ठेवा.

आणि आमचा स्पेनवाला म्हणतो रोमन! अरे, नेवाशाला खोदकाम झालं ना पन्नासच्या दशकात, सांकलियांनी केलेलं. प्रवरेच्या काठाला रोमन दारूच्या सुरयांची खापरं सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठची दारू आपल्या नेवाशात प्यायली जात होती. बंदरापासून घाट चढवून ती सुरई कुणी वर आणली, याचं उत्तर त्या खापरावर लिहिलेलं नसतं. तसंच दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यातलं. १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला पंचधातूसारखं काहीतरी लागलं. निघाला काय, तर चार हजार वर्षांच्या आसपासचा खजिना. ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. जगभरच्या पुस्तकांत त्यांचे फोटो आहेत. ज्याच्या कुदळीखाली ते आले तो भिल्ल बहुतेक ठिकाणी नुसता 'एक शेतकरी' असतो.

नगर बघायला येणाऱ्यांना आधी काय दाखवतात? डोंगरावरचा चांदबिबीचा महाल. तो चांदबिबीचा नाहीच. ती मुर्तजा निजामशहाच्या वजिराची, सलाबतखानाची कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली, लांबून राजवाड्यासारखी दिसते. लोक कबरीवर सहल काढतात, भेळ खातात आणि राणीचा महाल बघितला म्हणून घरी जातात. मेलेल्या वजिराचं थडगं राणीचा महाल होतं, आणि जिवंत माणसांचा वाडा 'वस्ती' होतो. मग फराहबाग दाखवतात. तळ्याच्या मधोमध बांधलेला महाल, तळं कोरडं. मग रणगाड्यांचं म्युझियम. मग देवीचं दर्शन करून परत.

मी तिथं पोरांना घेऊन गेलो होतो. एका दाखवणाऱ्यानं, नाव कशाला, पहिल्याच ठिकाणी आडनावं विचारली. ऐकली. आणि मग नुसती साल सांगत राहिला. दुसऱ्या गटाला मात्र तो "तुमच्या पूर्वजांनी इथं तलवार गाजवली" असं सांगत होता. आमच्या पूर्वजांनी इथं काय गाजवलं ते त्याच्या पाठांतरात नव्हतं.

म्हणून म्हणतो, दमडी मशिदीपासून सुरुवात करा. किल्ल्याजवळ आहे. लहानशी, पण दगडात काय कोरलंय! इतिहासवाले म्हणतात साहिरखान नावाच्या सरदारानं १५६७ च्या सुमारास बांधली. लोक वेगळं सांगतात. लोक म्हणतात, किल्ल्याच्या कामावर जे मजूर होते त्यांनी मजुरीतली एक एक दमडी काढून ठेवली आणि त्यातून ही उभी राहिली. सरदार खरा की दमडी खरी यावर भांडायला मी बसलेलो नाही. मला एवढंच दिसतं, की अख्ख्या नगर शहरात सुलतान, राण्या, वजीर, हत्ती यांच्या नावाच्या इमारती असताना एकीच्या नावात मजुराची दमडी राहिली. आणि ती लोकांनी ठेवली. आता प्रश्न असा, की त्या मजुरांत दगड फोडणारे वडार-बेलदार किती, चुना मळणाऱ्या बाया किती, मांग-महार किती? आणि त्यांची दमडी चालली, तर त्यांचा हात लागलेलं पाणी चाललं का?

पाणी. नगरची खरी करामत पाणी आहे, महाल नव्हे. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा बाजूंनी जमिनीखालून खापरी नळानं शहरात पाणी आणलं. मोटार नाही, पंप नाही. नुसत्या उतारावर. पुढं कितीतरी पिढ्या शहर हे पाणी प्यायलं. कोर्दोब्याचं पाणी बघून जे येतात त्यांनी हे एकदा बघावं. पण बघताना पाण्याच्या वाटेनं शेवटपर्यंत जावं. हौदापर्यंत पाणी आलं, हौदावर कोण आलं? नळ फुटला तर आत कोण उतरलं, आणि उतरलेल्या माणसाला वर आल्यावर त्याच हौदाचं पाणी कुणी वरून ओतलं?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन सहलीला निघाले. हो, सहलीला. वेरूळची लेणी बघायची, वाटेत दौलताबादचा किल्ला. तोच दौलताबाद, जो नगरच्या निजामशहांनी घेतला होता आणि जिथं शेवटी १६३३ साली त्यांचं राज्य मोगलांच्या पायाखाली गेलं. रमजानचा महिना. गाड्यांची धूळ अंगावर. दरवाज्याशी पाण्यानं भरलेलं टाकं दिसलं. मंडळींनी हातपाय धुतले, तोंड धुतलं आणि आत गेली. मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला, धेडांनी पाणी बाटवलं म्हणून. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी त्यांना सरळ विचारलं, हेच तुमचा धर्म शिकवतो का? उद्या आमच्यातला कुणी मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्याला अडवाल का? तेव्हा कुठं ते गप झाले. आणि किल्ला बघायची परवानगी मिळाली ती कशी? आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर. हात लावतात की काय हे बघायला बंदूकवाला शिपाई संगं दिला.

हे आपलं स्थलदर्शन. डॉक्टरेट घेतलेला, जगातली मोठमोठी शहरं बघितलेला माणूस, आपल्याच देशातला किल्ला शिपायाच्या पहाऱ्यात बघतो. म्हणून कुणी मला सांगू नये की 'दादा, वारसा सगळ्यांचा असतो.' वारसा सगळ्यांचा असतो तेव्हा टाकंही सगळ्यांचं असतं.

इथं आपलेच काही विद्वान मधे पडतात. म्हणतात, निजामशाहीला शिव्या देऊ नका, मलिक अंबर आपला माणूस. अंबर हा हबशी. लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला, बाजारातून बाजारात फिरत नगरच्या एका वजिराकडं आला आणि मोगलांना वर्षानुवर्षं रडवणारा राज्याचा कारभारी झाला. १६१० ला खडकी वसवली, म्हणजे औरंगाबाद. तिथंही पाणी आणलं. शेतसाऱ्याची घडी बसवली. १६२४ ला इथं जवळच भातवडीला मोगल आणि आदिलशाही दोघांना एकदम झोपवलं. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत त्याला काळतोंड्या म्हणून शिव्या घातल्यात, आणि चित्रकाराकडून चित्र काढून घेतलंय, स्वतः पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडताना. जिवंतपणी बाण लागला नाही म्हणून चित्रात लावला. १६२६ ला अंबर म्हातारा होऊन मेला.

मला अंबरबद्दल आदर आहे. पण आदर ठेवून विचारतो, त्याच्या राज्यात गावाची वेस कुठं होती? तिथंच होती. वेशीबाहेरचा वाडा कुठं होता? तिथंच होता. गुलामाच्या हातात राज्य आलं म्हणून येसकराच्या हातातली काठी गेली नाही. आपल्याला हे समजायला चारशे वर्षं मागं जायची तरी काय गरज? आपल्यातले किती जण लाल दिव्याच्या गाडीत बसले ते मोजा, आणि त्यांच्या गावात मसणवाट्याच्या जागेवरून अजून भांडणं होतात का ते विचारून या.

आणि हो, बावन्न हक्क. आजोबा मोठ्या अभिमानानं सांगायचे, बेदरच्या बादशहानं महाराला बावन्न हक्कांची सनद दिली. म्हणजे ज्या बहामनीतून ही निजामशाही फुटली त्या बेदरच्या. एका महारानं राणीला सुखरूप आणलं, आणि त्याच्यावर संशय नको म्हणून त्यानं आधीच स्वतःचं अंग कापून डबीत ठेवलं होतं. बक्षीस काय, तर बावन्न हक्क. कसले हक्क? मेलेल्या ढोराचा, मढ्यावरच्या कापडाचा, घरोघरच्या भाकरतुकड्याचा. इमानासाठी स्वतःला कापून घ्या आणि उकिरड्याचा सातबारा नावावर करून घ्या. ही दंतकथा आहे हे मला कळतं. पण कुणी रचली आणि पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच तोंडून कुणी वदवून घेतली, हे तुम्हाला कळू द्या.

आता नावाचं. टाळता येत नाही.

३१ मे २०२३ ला चौंडीत मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जाहीर केलं, नगरचं नाव अहिल्यानगर. मार्च २०२४ मधे मंत्रिमंडळानं ठराव केला, ऑक्टोबर २०२४ मधे केंद्राची मंजुरी येऊन नाव बदललं. सोळा-सतरा महिने लागले. आणि मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८ मधे केला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. जवळजवळ सोळा वर्षं. मधे वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे गेला, गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. एकाला सोळा महिने, एकाला सोळा वर्षं. नावात काय आहे म्हणणाऱ्या पांढरपेशांनी ही दोन सालं शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावावीत.

माझं अहिल्याबाईंशी भांडण नाही. १७२५ साली चौंडीत जन्मलेली धनगराची लेक राज्य चालवते, हे मनूच्या छातीवर पाय देऊन केलेलं काम आहे. भांडण तिचं नाव वापरून अहमद पुसणाऱ्यांशी आहे. त्यांना अहमद नको कारण तो परका. बरं. फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की अहमदचा बाप मलिक हसन हा मुळात ब्राह्मण, तिमाप्पा त्याचं नाव, पाथरीच्या कुळकर्ण्याच्या घराण्यातला. पोरवयात बहामनी फौजेनं पकडला, मुसलमान केला, शहजाद्याबरोबर शिकवला, पुढं राज्याचा वजीर झाला. म्हणजे शहर वसवणाऱ्याचा बाप बामण! आणि शहाजीराजांचं नाव कुठून आलं? याच नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसातून. मालोजीरावांच्या पोरांची नावं शहाजी आणि शरीफजी. भोसले याच निजामशाहीत मोठे झाले. पुसा आता काय काय पुसता ते.

कोर्दोब्यातही हेच चाललंय. १५२३ पासून मशिदीच्या मधोमध कॅथेड्रल घुसवलं ते घुसवलंच. २००६ मधे तिथल्या बिशपच्या कचेरीनं अवघे ३० युरो भरून सगळी वास्तू आपल्या नावावर नोंदवून घेतली. मग पत्रकांतून 'मशीद' शब्दच गाळायला लागले, तेव्हा गावातलेच लोक उठले. आपल्या स्पेनवाल्याच्या खिशात तिकीट होतं, त्यानं त्यावरचं नाव वाचलं नसावं.

आणि या नावबदलाच्या विरोधात जे पुरोगामी उभे राहिले त्यांच्याशीही माझं थोडं भांडण आहे. ते म्हणतात, गंगाजमनी शहर, सगळे गुण्यागोविंदानं राहत होते. कोण सगळे? बामण मुसलमान झाला तर वजीर होतो, महार ख्रिस्ती झाला तर महारच राहतो, हे याच शहरात घडलंय. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन नगरला आहे. त्यांच्याकडं गेले ते बहुतेक महार आणि मांग. शाळा मिळाल्या, अक्षर मिळालं, त्याचे उपकार मी नाकारत नाही. मिस फॅरारची मुलींची शाळा इथंच होती. जोतीराव ती बघून गेले आणि १८४८ ला पुण्यात त्यांनी आपली शाळा काढली. सगळ्या नगर-दर्शनात मला विचाराल तर हे सगळ्यात मोठं स्थळ. त्याला कुणी तिकीट लावत नाही. पण बाप्तिस्मा झाला तरी गावानं त्यांना पाटलाच्या आडावर पाणी भरू दिलं का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेला अनुसूचित जातीत राहिला नाही. गावाच्या लेखी महार, सरकारच्या लेखी कुणीच नाही. आपणही १९५६ ला धम्म घेतला आणि केंद्राच्या यादीत बौद्ध यायला १९९० उजाडलं.

स्पेनमधेही हेच. तोलेदो, तेही रोमन-मूर वारशाचं शहर, टूरवाले आवडीनं नेतात तिथं. १४४९ साली तिथं कायदा झाला, की बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंना सरकारी जागा नाहीत, कारण रक्त शुद्ध नाही. धर्म बदलला, रक्त बदलत नाही म्हणे. कुठं ऐकल्यासारखं वाटतं? पुढं १४९२ ला ज्यू हाकलले, १६०९ ते १६१४ मधे बाटलेले मूरही हाकलले. इंग्रज आपल्या जातीला जो शब्द वापरतात तो पोर्तुगीजांच्या 'कास्ता'वरून आलेला. कुणाला वाटेल हे नगरपासून लांब आहे. लांब नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य, त्याचे आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू. पोर्तुगालात जुलमानं ख्रिस्ती झाले. तो गोव्याला आला, नगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य आणि मित्र झाला. इथल्या औषधांवर त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. तो मेल्यावर त्याच्या बहिणीला १५६९ ला गोव्यात इन्क्विझिशननं जाळलं. आणि १५८० ला त्याची हाडं उकरून तीही जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी रक्त तपासलं!

मेलेल्याची जात तपासणारे फक्त गोव्यात होते का? जामखेड तालुक्यातच राहू. चौंडी जामखेड तालुक्यात. खर्डाही जामखेड तालुक्यात. खर्डा पुस्तकात आहे १७९५ च्या मराठे-निजाम लढाईसाठी. किल्ला आहे, लोक बघायला जातात. २८ एप्रिल २०१४ ला त्या खर्ड्यात आपला सतरा वर्षांचा पोरगा मारून झाडाला टांगला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढ्यावरून, असा तो खटला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मधे नगरच्या कोर्टातून सगळे आरोपी सुटले. मग पोराला मारलं कुणी? झाडानं? सोनई नेवासा तालुक्यातली, तोच नेवासा, रोमन खापरांचा, ज्ञानेश्वरीच्या पैस खांबाचा. २०१३ च्या १ जानेवारीला तिथं मेहतर समाजाच्या तीन पोरांना कापलं. तिथं २०१८ ला नाशिकच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, म्हणून निदान तो खून झाला हे कागदावर तरी आहे.

चौंडीच्या व्यासपीठावर नाव बदलायला मुख्यमंत्री आले. खर्डा त्याच तालुक्यात आहे, रस्ता चांगला आहे.

म्हणून माझं सरळ म्हणणं. गेले काही महिने आपली पोरं दोन टोळ्यांत वाटली गेलीत. एक म्हणते, राणी बहुजनांची, तिच्या मिरवणुकीत चला. दुसरी म्हणते, अहमदनगर वाचवा, मोर्च्यात चला. दोन्हीकडं झेंडे धरायला, सतरंज्या घालायला, पोलिसांचा मार खायला आपली पोरं पुढं. व्यासपीठावर एकाचंही नाव नाही. घंटा सांतियागोची असो की कोर्दोब्याची. मी दोन्हींना खांदा देणार नाही, आणि ज्यांना मी ओळखतो त्यांनाही देऊ देणार नाही.

आपल्याला मागायचं ते वेगळं आहे आणि ते लेखी मागायचं आहे. दमडी मशिदीच्या बाहेर मजुरांची नोंद करणारी पाटी. मिस फॅरारच्या शाळेची जागा निश्चित करून तिथं जोतीरावांच्या भेटीची पाटी. दौलताबादच्या टाक्यावर १९३४ ची पाटी, शिपायासकट. दायमाबादच्या वस्तूंखाली त्या भिल्ल माणसाचं नाव. आणि खर्ड्याच्या किल्ल्याच्या पाटीशेजारी दुसरी पाटी, त्या पोराचं वय आणि तारीख लिहून. ही शेवटची पाटी देणार नाहीत, मला माहीत आहे. नाही म्हणाले तर नाही म्हणाल्याचा कागद घ्यायचा. त्या कागदाच्या झेरॉक्स काढून चावडीवर लावायच्या.

आमच्या स्पेनवाल्याला मी हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप होता. मग म्हणाला, "दादा, ते घंटांचं मला कुणी बोललंच नाही." त्याला म्हटलं, तू विचारलंच नाहीस. आता विचारायला शीक आणि पुढच्या वेळी जाशील तेव्हा तिथल्या सफाईवाल्याला, पूल धुणाऱ्याला विचार. कॅमेरा चांगला आहे त्याच्याकडं. म्हटलं, तो घेऊन ये, इथं काम आहे.

तर, येत्या रविवारी सकाळी सातला माळीवाडा वेशीत जमायचं. दमडी मशीद, किल्ल्याचा बाहेरून फेरा, खापरी नळाचा जेवढा माग लागेल तेवढा, भिंगार, मिशनच्या शाळा. किल्ला लष्कराच्या ताब्यातला, त्यामुळं ओळखपत्र जवळ असू द्या. प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या एका तरी म्हाताऱ्याकडून वेठीची, येसकराची, पाणी भरण्याची माहिती लिहून आणायची. गावाचं नाव, साल, काय ओझं, कुठवर. ऐकीव असेल तर ऐकीव असं लिहायचं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जामखेड, तिथून खर्डा. तिकीट ज्याचं त्यानं काढायचं, ज्याच्याकडं नसेल त्यानं शनिवारपर्यंत मला सांगायचं. भाकरी बांधून आणावी. पाणी आपापलं आणावं.